बी-आय-डी बीड

मन्मथ,

तुला माती देऊन आम्ही परत आलो तेव्हा हौलदार तुझ्या पत्र्यावर बसला होता. वहिनी दारात बायकांच्या घोळक्यात होत्या. सकाळपासून डोळ्याला पाणी नव्हतं त्यांच्या. त्यांनी मान वर करून त्याला पाहिलं आणि मग जे रडू फुटलं ते कुणाला आवरेना. "त्याला कोन सांगल आता?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. लातूरकडच्या तुझ्या पाव्हण्यांना वाटलं, हौलदार म्हणजे पोलिसात असलेला कुणी नातेवाईक असेल, अजून पोचला नसेल. मी त्यांना सांगितलं, मन्मथचं म्हातारं कबूतर ते. गळ्यावर काळा पट्टा आहे म्हणून हवालदार, आणि मन्मथची जीभ वळत नाही म्हणून हौलदार. तसल्या प्रसंगातही एक म्हातारा हसला. तुला आवडलं असतं.

तुमच्या रीतीप्रमाणे तुला बसवून माती दिली. मान जराशी वर राहिली होती. भस्म लावलेलं कपाळ, मान वर, आणि मला उगाच वाटलं, आता तू म्हणशील, "मास्तर, दिसायलाय का? त्यो बघ, सुईच्या टोकाएवढा!" मला कधीच दिसायचा नाही. तू आभाळात उंच गेलेल्या पाखराकडे बोट दाखवायचास, मी डोळे चोळायचो, आणि शेवटी तुझं मन राखायला "हो हो, दिसला" म्हणायचो. हे तुला ठाऊक होतं का, ते विचारायचं राहूनच गेलं.

आता तू नाहीस तर मला सगळ्यात आधी आठवतं ते तुझं घर नाही, दुकान नाही, आपली शाळाही नाही. आठवते ती गेवराईच्या स्टँडसमोरची एसटीडी बूथच्या वरची खोली. लाकडी जिना, हिरवा पडदा, तीन कॉम्प्युटर आणि भिंतीवर पाटी: 'येथे इंटरनेट मिळेल.' तू खाली उभा राहून ती पाटी वाचलीस आणि म्हणालास, "मिळंल म्हंजे? किलोवर का नगावर?" भुसार दुकानदाराचा पोरगा तू, दुसरं काय विचारणार.

त्या वर्षांत आपल्याकडे काय काय येत होतं! आधी रंगीत टीव्ही, मग केबल, मग गल्लीगल्लीत फोनचे पिवळे बूथ, मग ज्या पेप्सीची आपण फक्त जाहिरात पाहिली होती ती थेट मांजरसुंब्याच्या ढाब्यावर. प्रत्येक वेळी आपण दोघं जाऊन बघून यायचो आणि "ठीक हाय" म्हणून परतायचो. या खोलीतून मात्र आपण "ठीक हाय" म्हणून परतलो नाही. त्या मशीनने आधी कर्रर्र केलं, मग शीळ घातली, मग दोन मांजरं भांडल्यासारखा आवाज काढला आणि गप्प झाली. बूथवाला म्हणाला, लागली लाईन, काय शोधायचं ते टाका.

मी इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे खुर्ची माझ्याकडे. मी म्हटलं, बोल, काय शोधू? मला वाटलं तू ज्वारीचे भाव म्हणशील, नाहीतर एखादी नटी. तू खाली वाकून माझ्या कानात म्हणालास, "गिरेबाज."

केवढ्या चोरट्या आवाजात म्हणालास ते! कारण उंच उडणाऱ्या कबुतरांच्या जातीचं हे नाव घरात शिवी होतं. आप्पांचं सगळं आयुष्य गल्ल्यावर गेलं, त्यांचा एकुलता एक मुलगा भर दुपारी माडीवर उताणा पडून कबुतरं बघतो, हे त्यांना कुठे तोंड दाखवू देत नव्हतं. "दुकानातली जवारी पाखरांच्या घशात, आन गिऱ्हाईक दारात उभं!" हे मी तुमच्या घरी चहापेक्षा जास्त वेळा घेतलं असेल. वहिनी तर सरळ सवत म्हणायच्या त्यांना. गावातही तुला कुणी वाईट म्हणत नव्हतं, पण 'कबूतरवाला' म्हणताना लोक जरा हसून म्हणत. तू ते हसणं पाठीवर घेऊन चाळिशीपर्यंत आला होतास.

मी जी-आय-आर लिहिलं, पुढे शेवटी जे टाकला. काही नाही. स्पेलिंग बदललं. काही नाही. शेवटी झेड टाकला आणि पान भरून ओळी आल्या, त्यांच्याखाली पुढचं पान, त्याच्याखाली आणखी. एक फोटो उघडला. तो वरून खाली एकेक रेघ उतरत होता. आधी आभाळ, मग आणखी आभाळ, मग पत्र्याची कड, आणि मग पत्र्यावर बसलेलं पाखरू. पांढरं, मानेवर ठिपके, डोळ्याभोवती तांबडी कड. तू पडद्याला बोट लावलंस. बूथवाला ओरडला, काच आहे साहेब, हात नका लावू. तू बोट काढलं नाहीस. "मास्तर," तू म्हणालास, "माझ्यासारखे एवढे येडे हायत जगात?" तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तुझ्याकडे न बघता पुढच्या पानावर गेलो.

मग दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी आपण तिथे. मी वाचून सांगायचो, तू ऐकायचास. कबूतर सूर्य बघून दिशा ओळखतं असं कुणीतरी लिहिलं होतं. तू लगेच उसळलास. "मंग ढगात कसं येतंय बे? ढगात काय कंदील लावतंय का?" मी पुढे वाचलं, जमिनीखालच्या चुंबकाचंही त्याला कळत असावं असं मानतात, त्याचं मुख्य कारण, आणि लाईट गेली. वाक्य तिथेच राहिलं. अंधाऱ्या खोलीत तू म्हणालास, "मुख्य कारन सांगू का? त्याला घरी यायचं आस्तंय." पुढच्या आठवड्यात ते पान काही केल्या सापडलं नाही. त्या वाक्याचा शेवट मला आजही माहीत नाही, आणि तुझ्या उत्तराने माझं काम भागतं.

तुझा ई-मेलचा पत्ता उघडला तो दिवस आठवतो? मशीनने नाव विचारलं, गाव विचारलं, जन्मतारीख विचारली. पासवर्ड विसरलात तर तुम्हाला ओळखायला एक गुप्त प्रश्न लागेल म्हणाली, आणि प्रश्न कोणता, तर तुमच्या लाडक्या पाळीव जनावराचं नाव काय. तू खुर्चीवरून उठलासच. "ह्याला कसं ठावं बे, आपल्याकडं पाखरं हायत म्हून?" मी किती समजावलं, अरे, सगळ्यांना हाच प्रश्न विचारतात. तुला पटलं नाही. उत्तर तू स्वतः टाईप केलंस, मला मान वळवायला लावून. एकेक अक्षर हुडकत. बाजारात ज्वारी निवडताना जसा वाकतोस तसा वाकून.

आणि मग आला तो गट. जगभरची कबूतरवाली माणसं एका ठिकाणी लिहायची, एकाचं सगळे वाचायचे. तू म्हणालास, आपल्या हौलदाराची ओळख करून देऊ. मी इंग्रजीत मजकूर लिहिला, रंग, वय, किती वेळ हवेत राहतो. माथ्यावर विषय लिहायचा होता. तू सांगितलंस, "गिरेबाज पिजन, बीड." मी बीडचं स्पेलिंग बी, डबल ई, डी असं लिहिलं. तू म्हणालास, चूक. बी-आय-डी. मी म्हटलं, अरे, त्याने 'बिड' असं वाचतील लोक. तू म्हणालास, "माझ्या शाळेच्या दाखल्यावर बी-आय-डी हाय. सरकारला येत न्हाई का इंग्रजी?" मी चिडलो, म्हटलं, जुन्या सरकारी कागदावर तर 'भीर', बी-एच-आय-आर असंही सापडेल, ते लिहू का? शेवटी पाखरू तुझं, जिल्हा तुझा, म्हणून तुझं स्पेलिंग गेलं.

पुढच्या बाजारी बघतो तर उत्तरांचा ढीग. अमेरिकेतून एक, मलेशियातून एक, आणखी कुठून कुठून. आणि प्रत्येकाने आकडा लिहिलेला! कुणी विचारतोय विमानाने पाठवाल का. कुणी म्हणतोय जोडी असेल तर जास्त देतो. मला काही उलगडेना. मग एकदम ट्यूब पेटली. इंग्रजीत बी-आय-डी म्हणजे लिलावातली बोली. जगाला वाटलं, मराठवाड्यातल्या कुणा मन्मथने आपलं गिरेबाज लिलावात काढलंय! इतकी वर्षं पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्याही हे ध्यानात आलं नव्हतं. मी पोट धरून हसत होतो आणि तू लालबुंद. "हौलदाराला इकायचं? कुनी सांगितलं ह्यांना? लिव्ह, आत्ताच्या आत्ता लिव्ह!" मी तुझ्या शब्दांचं जमेल तसं इंग्रजी केलं: ही बोली नव्हे, हा माझा जिल्हा आहे. पक्षी विकायचा नाही. कधीच नाही.

घरी मात्र तू त्यांतला सगळ्यात मोठा आकडा आप्पांच्या कानावर घातलास, आणि ते दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं. आप्पा गल्ल्यावरून उठले, धोतराचा सोगा धरला आणि उभ्या हयातीत पहिल्यांदा माडीवर आले. हौलदाराकडे बराच वेळ बघत राहिले. "ह्येलाच का?" म्हणाले. "ह्येलाच," तू म्हणालास. मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, कौतुकाने. त्या दिवसापासून दुकानातल्या ज्वारीवरून त्यांनी चकार शब्द काढला नाही. आप्पा गेले तेव्हा तू मला म्हणाला होतास की बापाने एकदाच तुझ्याकडे तसं बघितलं, आणि ते त्या चुकीमुळे.

म्हणून तू स्पेलिंग बदललं नाहीस. मी किती मागे लागलो, आता तरी डबल ई लिही. तू ऐकशील तर शपथ. "आता वळख झाली तिकडं. बी-आय-डी म्हनलं की मानसं समजत्यात, ह्यो इकनारा न्हाई." खरंच तुझी ओळख झाली होती. मुलतानचे एक चाचा इंग्रजी अक्षरांत उर्दू लिहायचे, ते वाचून दाखवलं तेव्हा तू थक्क झालास. पठ्ठा, छत्री, दाणा, कबूतरवाल्यांचे सगळे शब्द तेच. "मास्तर, हे तर आपल्या मोमिनपुऱ्यातलं बोलनं हाय. नुसती इंग्रजीची टोपी घातलीय." त्या दिवसापासून तू माझ्याशिवाय लिहायला लागलास. तीस वर्षं इंग्रजीला घाबरलेला माणूस इंग्रजी अक्षरांत धडाधड दखनी लिहीत होता आणि मी बाजूला बसून चहा पीत होतो. आपण लिहिलेलं पाठवताना तू नेहमी एक क्षण थांबायचास, मग बटण दाबून म्हणायचास, "सोडलं. आता येतंय का बघू." मला ते शिकवण्याच्या इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, एखादा शब्द असा हातातून सोडून देणं.

खोकल्याचं मला लिहायचं नव्हतं. पण त्यावाचून पुढे जाता येत नाही.

तुला खोकला होताच. सगळे म्हणायचे भुसाराची धूळ. इथल्या औषधाने जरा दबायचा, पुन्हा यायचा. एकदा लेकीकडे लातूरला राहून आलास तर खोकला पार गायब. वहिनींनी माहेरची मिठाई वाटावी तसं गल्लीभर सांगितलं, लेकीच्या हातचं खाऊन गडी बरा झाला. आठ दिवसांत पुन्हा सुरू. हे तू सहज गटावर चाचांना लिहिलंस, गप्पांत गप्पा म्हणून. त्यावर उत्तर आलं इंग्लंडातल्या, उर्दू समजणाऱ्या एका बाईचं. तिने फक्त एक प्रश्न विचारला होता: लातूरला कबुतरं होती का?

तू म्हणालास, शोध. मी शोधलं. कबुतरं पाळणाऱ्यांचं फुफ्फुस, अशा नावाचा आजारच निघाला. पिसांची बारीक पूड, विष्ठेची धूळ, वर्षानुवर्षं श्वासातून आत जाते. मी वाचत होतो आणि पडद्यावर जणू तुझंच वर्णन होतं, जिना चढताना लागणारी धाप, संध्याकाळचा ताप, दूर गेलं की बरं वाटणं. समुद्रापलीकडच्या, तुला कधीही न पाहिलेल्या एका बाईने एका प्रश्नात ते ओळखलं होतं. मला त्या मशीनची भीती वाटली आणि तिच्यापुढे हात जोडावेसेही वाटले. पुढे औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तेच सांगितलं. पाखरं सोडा, नाहीतर फुफ्फुस सुटेल.

परतीच्या एसटीत तू म्हणालास, "ह्या मशीनीनं दिलं बी आन घेतलं बी. कळलं नसतं तर बरं झालं आसतं." मी म्हटलं, अरे, कळलं म्हणून जगशील. तू म्हणालास, "कशासाठी?" गाडी हलत होती, कंडक्टर आला, आणि तो वाद तिथेच राहिला. नंतर मी अनेकदा मनात उत्तरं जुळवली. एकही तुला सांगण्याजोगं नव्हतं.

तरी तू सोडलीस. लेकीने तिच्या पोटातल्या बाळाची आण घातली आणि तू सोडलीस. तलवाड्याचा खंडू, मेंढरांमागे फिरणारा तुझा दोस्त, टोपल्या घेऊन आला. "आमच्याकडं मेंढरं हायत, कोंबड्या हायत, त्यात ही बी. तू कायबी काळजी करू नको," म्हणाला. टोपल्यांवर फडकी तू स्वतः बांधलीस, एकेक गाठ दोनदा ओढून पाहिलीस. खंडूने तू सांगितल्याबरहुकूम पाखरं काही दिवस कोंडून ठेवली, मग सोडली. लहान पाखरं तिथेच राहिली. हौलदार परत आला. पुन्हा नेला, पुन्हा आला.

तेव्हा तू गटाला जो प्रश्न विचारलास, तो मी कधी विसरणार नाही. कबुतराला घर विसरायला कसं लावायचं? सगळा जन्म तू एकच विद्या शिकलास, पाखरू परत कसं यावं. आता ते येऊ नये म्हणून जगाला विचारत होतास. मी शेजारी बसलो होतो आणि मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. केवढं थोर वाटलास तू मला त्या वेळी! हे तुझ्या तोंडावर बोललो असतो तर तू म्हणाला असतास, मास्तर, चहा सांग.

उत्तरं आली. नवी जोडी लावा, पिल्लं होऊ द्या, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. चाचांनी लिहिलं, "बूढ़ा परिंदा छत नहीं भूलता. उसे आने दो, तुम छत पर मत जाओ."

आणि तू गेला नाहीस. शेवटपर्यंत नाही. दुकानाच्या फळीवर बसायचास, रस्त्यापलीकडून पत्र्याकडे बघत. दाणे टाकायला माडीवर कोण चढायचं? वहिनी. तोंडाला पदर बांधून, "मेलं, ह्यानं मला म्हातारपनी शिड्या चढायला लावल्या" म्हणत, रोज. तू खालून सांगायचास, "अगं, आव आव म्हन त्याला." आणि सवत सवत म्हणणारी ती बाई माडीवर उभी राहून आव आव म्हणायची. फुफ्फुस आधीच निकामी होत गेलेलं, ते थांबायला उशीर झाला होता. पण नातू तुझ्या मांडीवर खेळला. कशासाठी, या तुझ्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर त्यात असेल तर तू घे.

काल मी त्या खोलीत गेलो. गटाला कळवायला हवं होतं. तुझा पासवर्ड मला माहीत नव्हता, म्हणून मशीनने तो गुप्त प्रश्न विचारला. लाडक्या जनावराचं नाव काय? मी व्यवस्थित, व्याकरणशुद्ध हवालदार टाईप केलं. चूक. डब्ल्यूच्या जागी व्ही टाकला. चूक. मग तुझ्यासारखा वाकून, एकेक अक्षर हुडकत, तू जसं बोलायचास तसं लिहिलं. हौलदार. दार उघडलं. मन्मथ, मी त्या खुर्चीत कितीतरी वेळ नुसता बसून होतो. बूथवाल्याने विचारलं, सर, लाईन गेली का?

मग लिहिलं. मन्मथ राहिला नाही. त्याचा हौलदार आहे, त्याला दाणा मिळतो आहे. एवढंच. माथ्यावर विषय लिहायचा होता. तुझं नाव लिहिलं, पुढे स्वल्पविराम दिला, आणि बोट डबल ईवर गेलं. तिथून मी ते उचललं. बी. आय. डी. पुन्हा घोटाळा होईल, पुन्हा लिलाव समजतील, हे ठाऊक असून लिहिलं. मग क्षणभर थांबलो, तुझ्यासारखा, आणि सोडलं.

आज जाऊन पाहिलं. मुलतानहून आलंय, मलेशियातून आलंय, इंग्लंडातल्या त्या बाईंचं आलंय, ज्यांची नावं आपण कधी ऐकली नाहीत अशांचं आलंय. चाचांनी फोटो पाठवलाय, तो वरून खाली रेघेरेघेने उतरत होता, आधी आभाळ, मग आणखी आभाळ. मी डोळे बारीक करून बघत राहिलो. अगदी वर, कोपऱ्यात, सुईच्या टोकाएवढा एक ठिपका होता. या वेळी मला खरंच दिसला.

प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर तुझंच स्पेलिंग आहे. आणि एकानेही आकडा लिहिलेला नाही.